टेसरॅक्ट: जुनी मराठी पुस्तकं मजकुरात आणायची असतील तर घ्याच, पण प्रूफं तपासायची तयारी ठेवून

छापील पानाचा स्कॅन द्यायचा आणि सर्च करता येईल, कॉपी करता येईल असा युनिकोड मजकूर परत घ्यायचा, हे काम (याला ओसीआर म्हणतात) फुकटात आणि इंटरनेटशिवाय करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे टेसरॅक्ट. आमच्या गावच्या वाचनालयातली जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं (आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो) मजकुरात आणायचं काम आम्ही काही जण करतो, त्यासाठी मी हे सतत वापरतेय, त्यामुळे नुसतं डाउनलोड करून दोन पानं टाकून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. आधीच सांगून टाकते, मला हे खूप आवडलंय आणि मराठी पुस्तकांवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी हे शिकून घ्यावं असं मनापासून वाटतं. पण याला काय वाचता येतं आणि काय नाही हे समजून न घेता वापरलं तर पुस्तकाचं नुकसान होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

थोडा इतिहास. ह्यूलेट पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात हे तयार झालं, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगासमधल्या चाचणीत ते पहिल्या तिनात होतं, मग बरीच वर्षं कपाटात पडून राहिलं. २००५ मध्ये सोर्स कोड सगळ्यांना खुला केला, २००६ पासून गूगलने पुढे काम करून घेतलं. तेव्हा इंग्रजीपुरतं होतं, आता शंभरावर भाषा आहेत, त्यात मराठी वेगळी, हिंदी वेगळी, संस्कृत वेगळी. आत्ताचं चाललंय ते पाचवं व्हर्जन, २०२१ चं.

इन्स्टॉल करायला घाबरू नका. विंडोजवाल्यांसाठी जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या लायब्ररीने तयार सेटअप ठेवलाय, त्यात भाषा निवडताना मराठीवर टिक करायची. हो, एका लायब्ररीने! जुनी छापील पानं वाचायची गरज तिथेही आहे, म्हणून त्यांनी हे काम अंगावर घेतलंय, मला याचं फार कौतुक वाटतं. टेसरॅक्टला स्वतःची खिडकी, बटणं वगैरे नाहीत, कमांड टाइप करावी लागते. ज्यांना ते नको त्यांनी जीइमेजरीडर घ्या, आतून इंजिन हेच, वरून बटणं.

आता पान कसं द्यायचं, कारण निम्मं यश इथेच ठरतं. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये (राखाडी छटांसकट), फ्लॅटबेड म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर. मोबाईलने काढलेल्या फोटोत पुस्तकाच्या शिवणीकडे ओळी वाकतात आणि वाकलेल्या ओळीत मात्रा वरच्या ओळीला आणि उकार खालच्या ओळीला जाऊन चिकटतात. एका ठिकाणी आम्ही स्कॅनिंग बाहेर करून घेतलं होतं तर त्यांनी फाइल छोटी व्हावी म्हणून सगळी पानं नुसती काळी-पांढरी करून दिली, राखाडी छटा सगळ्या गेल्या, त्याबरोबर अर्धे अनुस्वार गेले आणि कागदावरचे डाग मात्र टिंबं होऊन बसले. तेव्हा स्कॅन करणाऱ्याला स्पष्ट सांगा, ग्रेस्केल म्हणजे ग्रेस्केल. पान सरळ करायला, कडा कापायला स्कॅन टेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे. आणि टेसरॅक्टला पानाची मांडणी कशी आहे ते सांगायचं, पीएसएम नावाची सेटिंग आहे, न सांगितल्यास ते ३ घेतं म्हणजे स्वतः अंदाज करतं, सलग एकाच ठोकळ्यातला मजकूर असेल तर ६ द्या, एका कॉलममध्ये लहानमोठे टाइप असतील तर ४ द्या. दोन कॉलमी मासिकाला ६ दिलं तर डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ जोडून एक करतं, वाचताना डोकं फिरतं.

हे यंत्र अक्षरं शिकलं कसं ते थोडं समजून घेतलं की त्याच्या चुका आपल्याला आधीच दिसायला लागतात. जुनी पद्धत अशी होती की ओळीतून शब्द कापा, शब्दातून अक्षर कापा, मग अक्षराचा आकार ओळखा. रोमन लिपीला हे चालून जातं कारण छापील अक्षरं सुटी असतात. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली, त्यामुळे देवनागरीसाठी आधी शिरोरेघच कापून काढायची आणि मग खाली सुटे झालेले तुकडे ओळखायचे, असा मार्ग बऱ्याच जणांनी धरला. टेसरॅक्टच्या तिसऱ्या व्हर्जनमध्येही हिंदीसाठी शिरोरेघ तोडणारा वेगळा भाग होता. देवनागरी यंत्राने वाचायचे प्रयत्न तसे जुने, सिन्हा आणि महाबला या दोघांचा त्यावरचा शोधनिबंध १९७९ चा आहे. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या व्हर्जनने ही कापाकापीच सोडून दिली. आता अख्खी ओळ एकाच उंचीची करून घेतात आणि एलएसटीएम प्रकारच्या न्यूरल नेटवर्कला देतात (ही कल्पना १९९७ ची, होखराइटर आणि श्मिडहुबर यांची), ते ओळीवरून सरकत जातं, मागचं लक्षात ठेवतं आणि कुठलं अक्षर असण्याची शक्यता किती ते सांगत जातं. कुठे एक अक्षर संपलं आणि दुसरं सुरू झालं हे कुणी त्याला रेघ मारून दाखवलेलं नसतं, फक्त ओळीचं चित्र आणि त्या ओळीचा खरा मजकूर अशा जोड्या दाखवलेल्या असतात, लाखोंनी.

याची करामत बघायची असेल तर 'निर्मिती' हा एकच शब्द घ्या. त्यातलं मधलं अक्षर 'र्मि'. कागदावर डावीकडून काय दिसतं? आधी वेलांटी, मग म, मग डोक्यावर रफार. आणि कॉम्प्युटरच्या आत हे साठवतात कसं? आधी र आणि त्याचा पाय मोडलेला, मग म, मग वेलांटी. म्हणजे डोळ्याला दिसणारा क्रम बरोब्बर उलटा! वेलांटी दिसली तरी लगेच लिहायची नाही, थांबायचं, म दिसला तरी थांबायचं, कारण वर रफार असू शकतो, आणि मग सगळं उलट्या क्रमाने लिहायचं. हे कुणी नियम म्हणून लिहून दिलेलं नाही, नुसत्या ओळी बघून बघून ते शिकलंय, आणि चांगल्या छपाईच्या पानावर 'निर्मिती' अगदी बरोबर येतो. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी जो शब्द दिसेल त्यात वेलांट्या आणि रफार शोधत बसले होते.

आता चुकांकडे येते. आपण पहिलीत 'ग म भ न' ने सुरुवात केली, आठवतंय ना, क ख ग घ च्या क्रमाने नाही. दिसायला जवळची अक्षरं एका गटात, म्हणजे मूल म आणि भ शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते बघायला शिकतं. बाई फळ्यावर दोन्ही काढून दाखवतात की बघ इथे वर गाठ आहे आणि इथे शिरोरेघ तुटलीये, मूल पाटीवर गिरवतं, हाताला पण तो फरक कळतो, आणि थोड्याच वेळात गाडं पुढे जातं. यंत्राला असं कुणी बोट ठेवून दाखवत नाही, त्याला फरक कुठे आहे हे नुसत्या उदाहरणांच्या ढिगातून स्वतः शोधायला लागतं. आणि आता गंमत बघा, म आणि भ, घ आणि ध, य आणि थ, या तिन्ही जोड्यांतला फरक एकाच जागी आहे, डोक्यावरची ती छोटी गाठ आणि तिच्यापाशी तुटलेली शिरोरेघ. खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकात नेमकी तीच जागा आधी खराब होते. खिळा झिजतो, शाई जास्त लागते, कागद शाई पितो, फट भरून जाते, आणि ध चा घ होतो. भिंगातून बघितलं तर माणसालाही तो घ च वाटतो. फरक एवढाच की आपण 'घर्म आणि नीती' असं वाचलं की क्षणात धर्म म्हणून पुढे जातो. माणूस सुट्या अक्षरापेक्षा शब्दात बसलेलं अक्षर जास्त अचूक ओळखतो हे रायशर या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं. शब्द आपल्याला मदत करतो.

टेसरॅक्टलाही शेजारच्या अक्षरांची थोडी मदत होते, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सावध करायचंय. जुने ओसीआर चुकायचे ते उघड चुकायचे, मध्येच स्टार, कंस, भलतीच चिन्हं, बघताक्षणी कळायचं की इथे गडबड आहे. आत्ताचं यंत्र चुकतं तेव्हा पुष्कळदा धड मराठी शब्द लिहून चुकतं. 'धर' चं 'घर', 'भान' चं 'मान', 'वारा' चं 'बारा'. स्पेलचेकर याला पकडत नाही कारण शब्द बरोबरच आहेत. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाला तो किती खात्रीचा आहे याचा आकडाही देतं, टीएसव्ही (रकान्यांच्या तक्त्यासारखं) आउटपुट घेतलं तर दिसतो, मी कमी खात्रीचे शब्द वेगळे काढून आधी तपासते, वेळ वाचतो, पण 'घर' असा शब्द ते भरपूर खात्रीने सांगू शकतं. त्यामुळे नुसता टाइप झालेला मजकूर वाचून प्रूफ तपासता येत नाही, मूळ पानाचं चित्र शेजारी ठेवून ओळ ओळ बघावीच लागते. आमच्या गटात आम्ही एक नियम ठेवलाय, ज्याला मजकूर आवडला त्याने ते पान तपासायचं नाही, कारण गोष्टीत गुंतलेला माणूस अक्षरं बघत नाही, अर्थ बघतो.

अशीच दुसरी गोष्ट जुन्या अनुस्वारांची. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'जेव्हां', 'घरीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात. टेसरॅक्टला शिकवताना दाखवलेला मजकूर बहुतेक आजचा, वेबवरचा. त्यामुळे थोडं पुसट टिंब असलं की ते 'नाही' लिहून मोकळं होतं. एखाद्याला वाटेल बरंच झालं, आजच्या लेखनात आलं! पण ते काम यंत्राचं नाही, एका ओळीत 'नाहीं' आणि पुढच्या ओळीत 'नाही' आलं की त्या मजकुराचा भाषेच्या अभ्यासाला काही उपयोग राहत नाही. पुस्तकात जे आहे ते आलं पाहिजे, सुधारायचं का नाही ते नंतर माणसाने ठरवावं.

फॉन्टचंही तेच. टेसरॅक्टच्याच माहितीत दिलंय की रोमन लिपीच्या भाषांसाठी साधारण ४ लाख ओळी आणि सुमारे ४५०० फॉन्ट वापरून शिकवलं, बाकीच्या लिप्यांना ओळी तेवढ्याच मिळाल्या पण एवढे फॉन्ट मिळाले नाहीत. या ओळी कॉम्प्युटरवर फॉन्ट घेऊन बनवलेल्या असतात. म्हणजे आपल्या जुन्या छापखान्यांचे खिळे, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं ते देखणं वळण, त्यातली उभ्या रचनेची जोडाक्षरं, ही त्याने फारशी पाहिलेलीच नसणार. जे पाहिलं नाही ते ओळखणार कसं, त्यात यंत्राचा दोष नाही.

भाषा निवडताना मराठीच निवडा, 'देवनागरीच आहे ना, हिंदी चालेल' असं करू नका. हिंदीत 'ऱ्य' नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास', यात आपल्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक, हिंदीला तो माहीतच नाही. मराठी निवडल्यावरही हा ऱ्य नीट तपासाच, कारण युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ घेऊन किंवा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून, आणि पुस्तकात दोन्ही प्रकार मिसळले तर 'वाऱ्यावर' सर्च केल्यावर अर्धेच सापडतात. शेवटी एकदा रिप्लेस ऑल मारून सगळे एका प्रकारात आणा.

ळ बद्दल तर लिहायलाच हवं. देवनागरी हस्ताक्षर ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक चित्रसंच आहे, २०१५ च्या सुमारास नेपाळमध्ये तयार केलेला, ९२,००० चित्रं, ४६ वर्ग, प्रत्येकाची २,००० चित्रं, ३६ व्यंजनं आणि १० अंक. काम फार मोलाचं आहे. पण नेपाळी लिहायला ज्याची गरज नाही तो ळ त्यात नाही. आता हाच संच घेऊन कुणी 'देवनागरी ओळखणारं ॲप' बनवलं तर ते कमळ, बाळ, फळ, टिळक हे काहीच वाचू शकणार नाही, ळ च्या जागी दिसायला जवळचं जे असेल ते टाकेल. यात कुणाची लबाडी नाही, पण आपलं अक्षर त्यात घालायचं काम आपल्यालाच करावं लागणार. टेसरॅक्टच्या मराठीत ळ आहे आणि छान ओळखतं, एवढं मात्र सांगते.

आकडे वेगळे तपासा. शब्दाला शेजारी मदत करतात, आकड्याला कोण करणार? झिजलेल्या खिळ्याचा १ आणि ९ सारखेच दिसतात आणि १८९१ चं १८११ झालं तर वाक्य जसंच्या तसं बरोबर वाटत राहतं. आम्ही प्रत्येक पुस्तकातले सगळे आकडे सर्च करून एका बैठकीत पानाशी ताडून बघतो, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

ज्या गोष्टीसाठी मी याला सगळ्यात जास्त मार्क देते ती म्हणजे याला आपण पुढे शिकवू शकतो. टेसट्रेन नावाची साधनं सोबत मिळतात. एका ओळीचं चित्र आणि त्याच नावाच्या फाइलमध्ये त्या ओळीचा हाताने टाइप केलेला अचूक मजकूर, अशा जोड्या करायच्या आणि आधीच्या मराठी मॉडेलला (म्हणजे टेसरॅक्टच्या शिकून तयार झालेल्या मराठीच्या फाइलला) त्यावर पुढे शिकवायचं. मॉडेल मात्र 'बेस्ट' वालं घ्यायचं, 'फास्ट' वाल्यावरून पुढे शिकवता येत नाही. आम्ही एकाच छापखान्याची पुस्तकं घेऊन त्यातल्या तपासलेल्या ओळी दिल्या तर नंतरच्या पुस्तकांत त्या टाइपातले भ, ध, आणि 'नाहीं' वरचं टिंब स्पष्टपणे सुधारलं. पण टाइप करणाऱ्याने ओळीत दिसतंय तेच लिहायला हवं, छापखान्याची चूक असली तर ती सुद्धा तशीच. यंत्र आपल्याकडूनच शिकतं, आपण सुधारून दिलं तर ते सुधारायलाच शिकणार.

दुसरे पर्याय? एखाद-दुसरं पान असेल तर एवढा खटाटोप करू नका, मोबाईलवर गूगल लेन्सने किंवा ड्राइव्हवर चित्र टाकून डॉक्समध्ये उघडलं तरी मराठी मजकूर मिळतो आणि चांगला मिळतो. पण पान त्यांच्या सर्व्हरवर जातं आणि त्याला आपल्या छापखान्याचं वळण शिकवता येत नाही. विकिस्रोतावर (विकिपीडियाचंच भावंड, जुन्या पुस्तकांचं खुलं ऑनलाइन ग्रंथालय) काम करणाऱ्यांना तिथेच ओसीआरचं बटण आहे, त्यात इंजिन निवडता येतं, टेसरॅक्टही आहे, आणि पानाचं चित्र व मजकूर शेजारी शेजारी दिसतात, नवीन माणसाने तिथूनच सुरुवात केलेली उत्तम.

हस्तलिखितासाठी टेसरॅक्ट घेऊ नका, ते छापील अक्षरांसाठी आहे. आजीची ओव्यांची वही त्याच्यापुढे धरून निराश होऊ नका. आणि मोडी तर दूरच. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली पण टेसरॅक्टच्या अधिकृत भाषांत ती नाही. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचं, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ सारखंच. माणूस ती शिकू शकतो कारण त्याला मराठी आधीच येतं, 'राजश्री' ने पत्र सुरू होतं, 'विज्ञापना' येते, हे माहीत असल्यावर तो अर्ध्या अक्षरावरून शब्द ओळखतो आणि त्या शब्दावरून नवीन वळण शिकतो. पुराभिलेख विभागाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग असतात, जुने कागद वाचायचे असतील तर तिकडे जा, तिथे गुंतवलेला वेळ कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त देईल.

पाचपैकी चार स्टार. आजच्या कॉम्प्युटर फॉन्टमधल्या छपाईला पाच देईन, १९६२ च्या आधीच्या पुस्तकांना न शिकवता तीन, शिकवल्यावर चार. कुणाकडे जुन्या मुंबई-पुण्याच्या छापखान्यांच्या तपासलेल्या ओळी असतील, थोड्या का असेनात, तर खुल्या लायसन्सने टाका आणि खाली लिंक द्या. आमच्याकडच्याही टाकतोय, सोबत कुठल्या छापखान्याच्या आणि कुठल्या सालच्या ते लिहून. तुम्हीही तेवढं नक्की लिहा, नाहीतर पुढच्याला त्या ओळींनी काय शिकवायचं ते कळत नाही.